झिपरू आणि सोबत्याचं फुकट तिकीट

तापीकाठी नांदखेडी नावाच्या गावात झिपरू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. मनानं फार चांगला. पण सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. एकदा मालकानं त्याला केळीच्या बागेत बसवलं आणि म्हटलं, "विहिरीवर नजर ठेव." झिपरू दिवसभर विहिरीत बघत बसला. मागच्या मागे पाण्याची मोटर चोरीला गेली. मालक बोंबलत आला, तेव्हा झिपरू म्हणाला, "विहीर जागेवर आहे."

त्याची बायको कौतिक. ती शहाणी होती, म्हणून संसार चालला. त्यांची एकुलती एक लेक निर्मला लग्न होऊन मँचेस्टरला गेली होती. सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा कुठे तिला मुलगा झाला. बारशाला आई-बाबा हवेतच, असं तिनं धरूनच ठेवलं. तिकिटं महाग. पण जावई हेमंतराव हुशार. कार्डावर खरेदी करून करून त्यांनी विमानाचे पॉइंट साठवले होते. वर विमान कंपनीनं त्यांना एक कूपन दिलं होतं. पॉइंटांवर एक तिकीट काढलं की त्याच्या सोबत्याचं तिकीट फुकट.

हेमंतरावांनी फोनवर समजावलं, "मामा, नीट ऐका. तिकीट तुमचं. मामी तुमच्या सोबती. सोबत्यानं सोबतच राहायचं, नाहीतर कूपन बाद. मग बारशाला येणं राहिलंच म्हणून समजा."

"किती सोबत?" झिपरूनं विचारलं.

"पूर्ण प्रवासभर, मामा."

झिपरूनं मान डोलावली. फोनवर ती हेमंतरावांना दिसली नाही, पण झिपरूनं मान डोलावली की गोष्ट पक्की असायची.

मुंबईच्या विमानतळावर पोचेपर्यंत त्यानं कौतिकच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. तपासणी आली. बायकांच्या तपासणीला पडदा लावलेला होता. कौतिक पडद्याआड गेली. झिपरूही गेला.

आतली पोलीसबाई दचकली. "बाबा, इथं फक्त बायका."

"कूपन बाद होईल," झिपरू म्हणाला.

"काही बाद होत नाही. पुरुषांनी पुरुषांत जायचं, बायकांनी बायकांत. लक्षात ठेवा."

झिपरूनं लक्षात ठेवलं. पदर सोडला आणि मुकाट्यानं पुरुषांच्या रांगेत गेला.

मग ते विमानात चढले. आत बघतो तर काय, बायका आणि पुरुष शेजारी शेजारी बसलेले. झिपरूला वाटलं, या बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि कामाला लागला. एका नव्या नवरीला उठवून मागे धाडलं. एका आजोबांना आजीजवळून उठवलं. "पुरुषांनी पुरुषांत, बायकांनी बायकांत," असं तो इतक्या गंभीरपणे सांगत होता की अर्धं विमान उठलंसुद्धा.

विमानात वाढायचं काम करणारी मुलगी धावत आली. नागपूरकडची होती. "काका, हे काय चाललंय?"

"शिस्त," झिपरू म्हणाला.

"इथं तसं नसतं. आपल्या नंबराच्या खुर्चीवर बसायचं, पट्टा लावायचा आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

झिपरू बसला. पट्टा लावला. शेजारी कौतिक बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

हे विमान थेट मँचेस्टरला जाणारं नव्हतं. आखातातल्या एका विमानतळावर उतरून पुढे दुसऱ्या कंपनीचं विमान धरायचं होतं. कूपन दोन्ही कंपन्यांना चालत होतं. विमान उतरलं. लोक उठले, पिशव्या काढल्या, निघून गेले. झिपरू बसून राहिला.

"अहो, उठा," कौतिक म्हणाली.

"ती मुलगी कुठं म्हणाली?"

"ती दारात उभी आहे. सगळ्यांना नमस्कार करतेय."

"मग नमस्कार झाला की सांगेल."

झाडलोट करणारे आले. त्यांनी झिपरूच्या पायाखालून झाडू फिरवला. शेवटी ती मुलगी आत डोकावली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो काका, सगळे गेले की आपणही जायचं. लोक जातील तिकडं जायचं."

हे झिपरूला फार सोपं वाटलं. बाहेर विमानतळ गावाच्या जत्रेएवढा मोठा. समोरून एकसारखे कपडे घातलेला व्हॉलीबॉलचा संघ चालला होता. झिपरू त्यांच्या मागे निघाला. कौतिक हाका मारत त्याच्या मागे. संघ फोटोला उभा राहिला, तसा झिपरूही उभा राहिला. संघ नैरोबीच्या विमानाच्या दाराशी गेला, तिथं झिपरूही गेला. दारावरच्या माणसानं त्याचा पास पाहिला आणि त्याला हाताला धरून चौकशीच्या टेबलाशी आणून सोडलं. कौतिकला धाप लागली होती. ती पाणी आणायला गेली.

टेबलामागे शबाना मुकादम नावाची बाई बसली होती. मूळची रत्नागिरीकडची, त्यामुळे मराठी बोलायची. "चाचा, असं कुणाच्याही मागे जाऊ नका. इथवर तुमची एक कंपनी होती. इथून पुढे तिची जोडीदार कंपनी. समजलं?"

"नाही," झिपरू म्हणाला.

ती आणखी सोपं करून म्हणाली, "इथं जोडीदार बदलतो. आता नव्या जोडीदाराबरोबर जायचं."

झिपरू हळूच म्हणाला, "बदलायलाच पाहिजे?"

"त्याशिवाय मँचेस्टरला पोचणार कसे?"

"आणि जुना?"

"जुना इथून मुंबईला परत जातो."

"कूपन?"

"कूपन अगदी चालतं, चाचा. उलट बदललं नाहीत तर अडचण."

झिपरू खांबाआड जाऊन बसला. त्याचे डोळे भरून आले. कौतिकनं त्याच्या किती भानगडी निस्तरल्या होत्या. तिच्या हातची भाकरी, तिचं ओरडणं, सगळं आठवलं. तिला पुढे पाठवून आपण परत जावं, असंही त्याच्या मनात आलं. पण तिकीट त्याचं होतं आणि सोबती ती होती. बदलायचा तो सोबतीच. डोळे पुसून तो उठला आणि जोडीदार शोधायला लागला.

जवळच्या बाकावर गोदाक्का बसल्या होत्या. अहमदनगरकडच्या, वयस्कर, विधवा. एकट्याच मँचेस्टरला मुलाकडे निघालेल्या आणि पुरत्या घाबरलेल्या.

"बाई, मला मँचेस्टरपर्यंत जोडीदार पाहिजे," झिपरू म्हणाला.

"देवासारखे भेटलात दादा. मलाही कुणाचीतरी सोबत हवीच होती."

झिपरूनं त्यांची पिशवी उचलली. तेवढ्यात कौतिक पाण्याची बाटली घेऊन आली.

"कौतिक," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "तुझं इथवरच होतं. तू चांगली होतीस. टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, जुना जोडीदार मुंबईला परत जातो. गुरांना पाणी दाखव."

कौतिकनं त्याच्याकडे पाहिलं. गोदाक्कांकडे पाहिलं. मग विमानाच्या वेळेचा फलक पाहिला. दार बंद व्हायला आलं होतं. तिला नातू बघायचा होता, आणि नवऱ्याशी भांडायला पुढचं सगळं आयुष्य पडलं होतं. आपला पास घेऊन ती सरळ विमानात जाऊन बसली. झिपरूनं गोदाक्कांना तिच्या जागेवर बसवायचा हट्ट धरला, तेव्हा ती पुढच्या रांगेत, गोदाक्कांच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर गेली आणि मँचेस्टरपर्यंत गाढ झोपली. इतकी शांत झोप तिला लग्नानंतर लागली नव्हती. झिपरू मात्र सारखा तिच्या अंबाड्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं, बिचारी चुकून या विमानात चढली.

मँचेस्टरला कौतिक सगळ्यांत आधी बाहेर आली. निर्मला गळ्यात पडून रडली. हेमंतरावांनी बाळ बाकावर बसलेल्या कौतिकच्या मांडीवर दिलं.

"बाबा कुठे आहेत?" निर्मलानं विचारलं.

"येतायत," कौतिक म्हणाली. "तू जरा खाली बस."

दार उघडलं. झिपरू गोदाक्कांच्या पदराचं टोक मुठीत धरून बाहेर आला. लेकीजवळ येऊन थांबला आणि प्रेमानं म्हणाला, "निर्मला, पाया पड. ही तुझी नवी आई."

निर्मला खाली बसलेली होती, म्हणून पडली नाही. गोदाक्कांनी ओढून ओढून पदर सोडवायला सुरुवात केली. कौतिकनं नातवाचे दोन्ही कान झाकले.

तेवढ्यात हातात फुलांचा गुच्छ घेतलेला एक धिप्पाड तरुण गर्दीतून पुढे आला. गोदाक्कांचा मुलगा.

"आई, हे कोण?" त्यानं विचारलं.

गोदाक्का काही बोलायच्या आत झिपरूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तुझा नवा बाप," तो म्हणाला. "पण फार जीव लावू नकोस, बाळा. परतीच्या वाटेवर बदलून घेतात."