गाड्यातून न उतरलेली भिवराबाई

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. कुसळवाडीत विचारलंत तर म्हातारी माणसं हात नुसता पाठीमागे झटकतात. तो जेवढा लांब जाईल तेवढी वर्षं आपण धरायची. तेव्हा गावाला एसटी नव्हती, वीज नव्हती, दवाखाना तर नव्हताच. होती ती पायऱ्यांची एक विहीर, आणि तिच्या पाण्यावर सगळं गाव जगत होतं.

त्या काळी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात भिवराबाई नावाची एक नर्स होती. डोक्यावर पत्र्याची पेटी, पायात टायरच्या वहाणा आणि कनवटीला हिरवी मिरची, अशी ती डोंगरातली गावं पालथी घालायची. मिरची कशाला? तर चालून चालून डोळ्यांवर झापड आली की ती एक मिरची कचाकचा चावायची आणि पुढे निघायची. कुणी जात विचारली तर म्हणायची, “आरोग्य खातं.” त्यावर दुसरा प्रश्न विचारायची कुणाची छाती व्हायची नाही. असं म्हणतात, ती ओढ्याच्या अलीकडे बोलली तर पलीकडच्या म्हशी पान्हा चोरायच्या.

पण ती मुळात अशी नव्हती. नवी नवी होती तेव्हा फार गोड बोलायची. एकदा एका गावात तिनं हात जोडून विनवणी केली, की बाबांनो, पटकीची साथ येतेय, सुई टोचून घ्या. गावानंही हात जोडून सांगितलं, की बाई, पुढच्या खेपेला बघू. पटकी म्हणजे कॉलरा. ती पुढची खेप कशाला बघते? भिवराबाई परत गेली तेव्हा त्या गावात चुली पेटलेल्या नव्हत्या आणि दारातली कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. ती तिथंच पारावर बसून पोटभर रडली, आणि त्या दिवसापासून ती कुणाशी नीट बोलली नाही.

तर अशी ही भिवराबाई एका उन्हाळ्यात कुसळवाडीला आली. ओढ्यापलीकडच्या हातनोलीत पटकी लागली होती आणि कुसळवाडीला अजून पोचली नव्हती. ती यायच्या आत गावाला सुया टोचायच्या आणि विहिरीत खात्याचं लाल औषध सोडायचं, एवढं तिचं काम.

वेशीवर सुभानराव पाटील उभे होते. उधळलेला बैल शिंगं धरून थांबवणारा माणूस. पण सुईचं नाव काढलं की त्यांच्या मिशा खाली यायच्या.

“बाई, हिरीला हात लावायचा न्हाई,” पाटील म्हणाले. “हिरीत साती आसरा हायेत. पानी लाल झालं तर कोपत्याल.”

“आणि सुई?”

पाटलांनी गावाकडे तोंड करून नुसतं “आली रं!” असं ओरडून सांगितलं. भिवराबाई वेशीतून आत येईपर्यंत गाव रिकामं झालं होतं. बाया माळ्यावर, पोरं कणगीत, गडीमाणसं चिंचेवर. असं म्हणतात, त्या चिंचेला त्या वर्षी चिंचा कमी आणि माणसं जास्त लागली होती.

घरात सापडली ती एकटी राहीबाई. ठार बहिरी असल्यामुळे तिला पाटलांची हाक ऐकूच आली नाही, आणि तिचा म्हातारा तिला न सांगता चिंचेवर जाऊन बसला होता. भिवराबाईनं तिचा हात धरला. आता बाईमाणसाचा हात धरायला दारात येते कोण, तर कासारीण. राहीबाईनं खुशाल हात पुढे केला आणि म्हणाली, “भर गं हिरव्या. पण सैल भर, मागच्या खेपेला काचल्या.”

भिवराबाईनं सुई टोचली. राहीबाई कळवळली. “अगं, दंडात कुठं बांगड्या भरत्यात का?” असं म्हणत ती रिकाम्या मनगटाकडे बघत राहिली. कुसळवाडीत त्या दिवशी झालेलं काम ते एवढंच.

भिवराबाईला फार राग आला. चिंचेखाली उभी राहून तिनं सगळ्या गावाला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यांतल्या काही कुसळवाडी अजून जपून वापरते. मग पेटी डोक्यावर घेऊन ती ओढा ओलांडून हातनोलीला गेली.

हातनोलीत हाल होते. तिथं कुणी झाडावर चढलं नाही, कुणाच्या अंगात ते त्राणच नव्हतं. भिवराबाईनं पाणी उकळायला लावलं, मिठाची पेज केली आणि घरोघर जाऊन चमच्या चमच्यानं पाजली. जो पीत नसे त्याला ती असं काही बोलायची की तो भीतीनं प्यायचा. काही माणसं गेली. पण पुष्कळशी उठून बसली, आणि उठून बसल्यावर हातनोलीकरांनी पहिलं काम काय केलं? मरीआईचा गाडा बांधायला घेतला.

या मुलखाची रीत अशी. गावात पटकी आली की लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात मरीआईची मूर्ती ठेवायची, हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, दहीभात, लिंबं ठेवायची, आणि वाजतगाजत गाडा पुढच्या गावाच्या शिवेत ढकलायचा. म्हणजे रोगराईही पुढच्या गावाला गेली. पुढचं गाव अर्थातच काठ्या घेऊन शिवेवर उभं राहायचं. पण गाडा एकदा शिवेत आला की त्याचे नियम ठरलेले. गाड्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, गाड्याला पाठ दाखवायची नाही, आणि गाडा मागेल ते दिल्याशिवाय त्याला पुढे काढायचा नाही. काय मागतो ते एरवी भगताच्या तोंडून कळायचं, आणि बहुतेक वेळा ते कोंबडं असायचं.

गाडा निघाला तेव्हा भिवराबाई ओढ्याकडे बघत उभी होती. आजाऱ्यांचे कपडे हातनोलीनं सुरुवातीला याच ओढ्यात धुतले होते. तिनं ओरडून ते बंद केलं होतं, पण आधीचं पाणी वाहून गेलं ते गेलंच. आणि हा ओढा पुढे जाऊन कुसळवाडीच्या विहिरीत झिरपतो, हे ती डोळ्यांनी बघून आली होती. गाडा जावो न जावो, पटकी निघालीच होती. भिवराबाईला ते जुनं गाव आठवलं. न पेटलेल्या चुली आठवल्या. ती गाड्यापाशी गेली, मरीआईला हात जोडले आणि म्हणाली, “आई, जरा सरक. आपल्या दोघींना एकाच गावाला जायचंय.”

आणि पेटी मांडीवर घेऊन ती गाड्यात बसली.

हातनोलीकर बावरले, पण वाजंत्री सुरू झाली होती आणि निघालेला गाडा थांबवायचा नसतो. असं म्हणतात, भिवराबाई बसल्यावर गाडा जड व्हायचा तो हलकाच झाला. ओढणारे मात्र वेगळं सांगत. त्यांनी ओढ्याच्या मधोमध गाडा सोडला आणि कंबर धरून परत पळाले.

अलीकडच्या काठावर कुसळवाडी काठ्या घेऊन उभी, पलीकडच्या काठावर हातनोली काठ्या घेऊन उभी, आणि मधे घोटाभर पाण्यात गाडा, आणि गाड्यात भिवराबाई मिरची खात बसलेली.

“बाई, उतरा खाली,” सुभानराव पाटील म्हणाले.

“नाही उतरत. उतरवून दाखवा.”

पाटील चार पावलं पुढे आले आणि तिथंच थबकले. गाड्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. ते मागे वळणार, तेवढ्यात त्यांना आठवलं, की पाठही दाखवायची नाही. तेव्हा ते तसेच उलट्या पावली मागे आले आणि एका धोंड्यावर बसले.

“पाटील, ही काय देवी न्हवं,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. “ही ती नर्स हाय.”

“नर्स हाय ते मलाबी दिसतंय,” पाटील खेकसले. “पन गाड्यात हाय का न्हाई?”

होती. सगळ्यांना दिसत होतं. ती नर्स होती आणि ती गाड्यात होती, आणि या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या तर काय करायचं, हे वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी भगताकडे बघितलं. भगत बिचारा घुमायच्या तयारीत होता, पण गाडा स्वतःच बोलायला लागल्यावर त्याला काम उरलं नव्हतं. तो म्हणाला, “गाडा काय मागतोय त्ये गाड्यालाच इचारा.”

“काय पायजे, बाई?” पाटलांनी विचारलं.

“प्रत्येकाचा डावा दंड,” भिवराबाई म्हणाली, “आणि विहीर.”

मागून एक बारीक आवाज आला, “कोंबडं चालंल का?”

“कोंबडं नंतर. आधी दंड.”

नाही म्हणायची सोय नव्हती. मागेल ते दिल्याशिवाय गाडा हलणार नव्हता, आणि गाडा हलला नाही तर पटकी गावात मुक्कामाला राहणार होती. कुसळवाडीनं गाडा ओढत विहिरीपाशी आणला. भिवराबाईनं गाड्यात बसल्या बसल्या बाजूला चूल मांडायला लावली आणि सुया उकळत ठेवल्या. ते उकळतं पाणी बघून माणसं हळूहळू चिंचेकडे सरकायला लागली. पाटीलही चाचरत म्हणाले, “बाई, खालच्या आळीपास्नं सुरू करा.”

सगळं तिथंच फिस्कटायचं. पण पाटलांच्या शेजारी चौगुले उभे होते. गावात पाटलाच्या खालोखाल मान चौगुल्यांचा. होळी पेटवणं असो की पोळ्याचा बैल, पाटील पहिले आणि चौगुले दुसरे, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. ते घसा खाकरून म्हणाले, “गाड्याला द्यायचं म्हंजी ह्यो मानपानाचा मामला झाला. पाटील मागं सरत आसतील, तर पैला मान आमचा.” आणि त्यांनी बाही वर सारली.

झालं! पाटील ताडकन पुढे झाले. “कोन मागं सरतंय? पैली सुई पाटलाची!”

मग चिंचेकडे सरकणारी माणसं परत वळली. तिसरा मान कुणाचा, यावरून गुरव आणि सुतार एकमेकांच्या अंगावर गेले. घराण्यात आधी थोरल्या पातीची सुई की धाकट्या पातीची, यावरून भावाभावांत जुंपली. मागच्या खेपेला चिंचेवर चढलेली माणसं आता एकमेकांना ढकलून दंड पुढे करत होती. भिवराबाईला हसू आवरेना. असं म्हणतात, ती आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा गालात हसली आणि मिरची तिच्या नाकात गेली.

तेवढ्यात राहीबाई गर्दीतून पुढे आली. काय चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं, पण सगळ्यांचे उघडे दंड बघून ती समजली आणि आपला टोचलेला दंड उंच करून म्हणाली, “मला तर कवाच टोचलीया!”

पाटलांचा चेहरा उतरला. म्हणजे पहिला मान गेला होता, आणि गेला होता तो राहीबाईला. चौगुले खूश होऊन मिशीवर हात फिरवायला लागले. पाटील म्हणाले, “आसं आसंल, तर मी टोचून घेत न्हाई.”

“ती सुई बांगड्यांची होती,” भिवराबाई कडाडली. “मानाची ही! दंड करा इकडे!”

पाटलांनी डोळे मिटले, दात आवळले आणि सुई घेतली. कुसळवाडीची माणसं म्हणतात, पाटील मुळीच ओरडले नाहीत. हातनोलीची माणसं म्हणतात, आम्हाला ओढ्यापलीकडे ऐकू आलं.

उरली विहीर. बाया कळश्या घेऊन अवघडून उभ्या होत्या. लाल पाण्यानं आसरा कोपतील, ही भीती काही गेली नव्हती. भिवराबाईचा आवाज तेव्हा पहिल्यांदा उतरला. ती म्हणाली, “बायांनो, आसरासुद्धा बायकाच ना? मग त्यांना लाल वर्ज्य कसं? आपल्या पोरांसाठी त्यांना कुंकू वाहा.” बायांनी एकमेकींकडे बघितलं. मग एकेक जण पुढे आली, ओंजळीत औषधाचं पाणी घेतलं, आणि हात जोडून विहिरीत सोडलं. विहीर हळूहळू लाल झाली. आसरा कोपल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुसळवाडीत भाकरी गुलाबी झाली, ताक गुलाबी झालं आणि पाटलांच्या पांढऱ्या धोतराचा रंग जांभळ्या वांग्यासारखा झाला. दंड सुजले, अंगात कसकस आली, तेव्हा ज्याचा दंड जास्त सुजला तो ऐटीत फिरला. पण त्या उन्हाळ्यात कुसळवाडीत एकही चूल विझली नाही. भिवराबाईनं गाड्यातूनच सगळ्या घरांवरचा धूर बघितला, बराच वेळ बघितला, आणि पदरानं डोळे पुसले. मिरचीचा हात डोळ्याला लागला, असं तिनं सांगितलं. आणि लोकांनी ते मानलं.

मग गाडा पुढे काढायची वेळ आली. “आता तरी उतरा,” पाटील म्हणाले. भिवराबाईनं विचारलं, “पुढचं गाव कोणतं?” आणि गाड्यात नीट मांडी घातली. कुठलंही गाव तिला आता वेशीवरून परत पाठवू शकणार नव्हतं. त्या गावानं दंड दिले, विहीर दिली आणि गाडा पुढे काढला. त्याच्या पुढच्यानंही तेच केलं. तिच्या पेटीतलं औषध कधी संपलं नाही असं म्हणतात, आणि ती कधी खाली उतरली नाही असंही म्हणतात. खात्यानं तिला शोधायला शिपाई धाडला. तो ज्या गावी पोचला तिथं सुजलेले दंड दिसले, गुलाबी भाकरी खायला मिळाली, आणि उत्तर एकच मिळालं, “बाई व्हय? आत्ताच पुढं गेल्या.” अखेर डोंगर संपले, शिपाईही म्हातारा झाला, पण बाई काही त्याला गाठता आली नाही.

कुसळवाडीत आता उपकेंद्र आहे आणि तिथली नर्स स्कूटीवरून येते. पण उन्हाळ्यात विहिरी औषधानं शुद्ध करायचा दिवस आला की तिला स्कूटी वेशीवर ठेवावी लागते. तिथं गाडा सजवलेला असतो. नवी मुलगी असेल तर लाजते, पण बसावंच लागतं, आणि हातात एक हिरवी मिरची धरावी लागते. पाटलांच्या घरातला माणूस पुढे येऊन म्हणतो, “बाई, उतरा खाली.” ती म्हणते, “नाही उतरत. उतरवून दाखवा.” मग गाव विचारतं, काय पाहिजे, आणि उत्तराची वाट न बघता सगळी माणसं आपापली डावी बाही वर करतात. तान्ह्या पोरांच्या बाह्या त्यांच्या आया वर करतात. पहिली मानाची सुई अजून पाटलांच्याच घरात जाते, आणि त्याआधी एक सुई बांगड्यांची म्हणून राहीबाईच्या वंशात जाते. ओढ्यापलीकडे हातनोलीची माणसं त्या दिवशी अजून उभी असतात. काठ्या नसतात त्यांच्या हातात. ती सारखी ओरडत असतात, “आटपा लवकर, गाडा हिकडं धाडा!”

आणि नर्सला बसायला जागा करताना, गाड्यात कितीही अडचण झाली तरी, तिच्या शेजारी एक जागा मोकळी सोडतात. लहान मुलं विचारतात, इथं कोण बसणार? तेव्हा मोठी माणसं पुढच्या गावाच्या रस्त्याकडे बोट दाखवतात आणि सांगतात, “इथं बाई बसल्या हुत्या. आत्ताच पुढं गेल्या.”