काविळीची मुळी

"पण बुवा, यात माझं काय चुकलं?"

निरंजनबुवा खिडकीतून अंगणात बघत राहिले...

गिरणाकाठच्या त्या मठात बुवांनी जन्मभर वैद्यकी शिकवली. मार्तंड त्यांचा सर्वांत हुशार शिष्य, आणि हे सर्वांत आधी मार्तंडलाच ठाऊक! काविळीवरची डोंगरातली मुळी बुवांनी त्याला दाखवली, तशी त्याच्या गुरुबंधूला, हैबतीलाही दाखवली. हैबती मठाच्या आवारातच राहिला. मार्तंड तालुक्याला गेला आणि त्याच्या नावाचा डंका वाजू लागला.

आज तो आला होता दुखवट्याला. हैबतीची बायको चिमा गेली होती. पोटुशी होती, त्यात कावीळ झाली. हैबतीने स्वतःच्या हाताने मुळी उगाळून पाजली. मग रक्त जाऊ लागले, ते थांबलेच नाही.

सांत्वनाचे चार शब्द बोलून मार्तंड निघालाच होता. जाता जाता बुवांपाशी बोलून गेला, "दोन जिवांच्या बाईला ती मुळी द्यायचीच नसते. मी नाही देत."

"कधीपासून?"

"गेल्या साली माझ्या हातून एक बाई दगावली, तेव्हापासून."

म्हणजे पठ्ठ्याला माहीत होते. माहीत असून मूग गिळून बसला होता. नावाला बट्टा लागेल ही धास्ती, दुसरे काय? आणि वर पुन्हा विचारत होता, माझं काय चुकलं!

"बाहेर बघ," बुवा म्हणाले.

अंगणात हैबती बसला होता. डोके भादरलेले, डोळे सुजलेले. समोर फडक्यावर ओल्या मुळ्या पसरलेल्या. एकेक उचलून तो माती पुसत होता.

"कुणासाठी?" मार्तंडने हळूच विचारले.

"खालच्या वाडीतली एक पोर पिवळी पडलीय. सातवा महिना. चिमा नाही वाचली, ही तरी वाचू दे, म्हणतो."

मार्तंडने बुवांचे पाय धरले.

"बुवा, तुम्ही थांबवा त्याला! काहीही सांगा. फक्त माझं नाव... त्याच्यापुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहू?"

बुवांनी पाय सोडवून घेतले.

"आणि दंडक तुमचाच होता ना? औषधाबद्दल कुणापाशी बोलायचं नाही. बोललं की गुण जातो. तुम्हीच शिकवलंत."

बुवांचा चेहरा उतरला. एवढे म्हातारे ते मार्तंडला कधी दिसले नव्हते.

"मीच शिकवलं," ते म्हणाले. "माझ्या गुरूने मला शिकवलं. असे किती गेले असतील, कोण जाणे..."

ते काठी टेकत अंगणात गेले. हैबतीपुढचे फडके मुळ्यांसकट उचलले, आत आणले आणि मार्तंडच्या मांडीवर ठेवले.

हैबती मागोमाग आला. मातीचे हात तसेच. दारात उभा राहून तो एकदा बुवांकडे बघे, एकदा मार्तंडकडे.

"काय झालं, बुवा? तिकडं ती पोर वाट बघतीय..."

मार्तंडची मान वर होईना.

बुवा त्याच्या शेजारी खाली बसले.

"बोललं की गुण जातो ना, मार्तंडा? मग बोल. विषही जाईल."