हात दिसला की

गाड्या आपसात बोलायच्या तेव्हाची गोष्ट. निनाद सबनीसांनी रविवारी डोंगरात चिखल तुडवायला एक जुनी जीप विकत घेतली. पार्किंगमधली त्यांची नवी गाडी नाक मुरडून म्हणाली, "तीन लाख किलोमीटर पळालीस! आता खेळणं होऊन राहा."

"खेळायला मला येत नाही गं," जीप म्हणाली. "पाटणच्या खोऱ्यात जन्मभर वडापला होते. हात दिसला की थांबायचं आणि माणसं भरायची, एवढंच येतं."

पहिल्याच रविवारी घाटाच्या वळणावर एक म्हातारी हात वर करून उभी होती. जीप नेमकी तिच्यापुढे बंद पडली. सबनीस बॉनेट उघडून घामाघूम झाले. तोवर म्हातारी मागचं दार उघडून आत बसलीसुद्धा. "थांबलास, बरं केलंस बाबा. वरल्या वाडीला सोड." सबनीसांनी वैतागून चावी फिरवली आणि जीप लगेच सुरू झाली.

त्या दिवशी ती अशी चार वेळा बंद पडली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी नव्या गाडीने खोचकपणे विचारलं, "आज किती वेळा बंद पडलीस?"

"एकदाही नाही," जीप म्हणाली. "आता हात दिसला की तेच ब्रेक मारतात."