मिटलेली मूठ

एका राज्यात राजाच्या उजव्या हाताला खुद्द राजाहून अधिक मान होता. बाजारात कापड मोजायचे ते राजाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पहिला हात फिरायचा तो राजाचा. आणि हस्त नक्षत्रात शाळूची पेरणी निघाली, की पाभरीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या त्या लाकडी वाटीत, पहिली मूठ पडायची तीही राजाचीच. त्याआधी राज्यात कोणी दाणा पेरीत नसे.

राजाचे नाव हेमकेतू. माणूस मनाने चांगला, पण चकाकते काही दिसले की त्याचे भान सुटे. एके दिवशी शिकारीत वाट चुकून तो एका गुहेत शिरला. आत रत्नांची रास होती आणि राशीवर एक म्हातारा जादूगार बसला होता.

"पाहा हवे तेवढे," तो म्हणाला. "मूठ मात्र मिटू नकोस."

राजाने पाहिले. मग एक तांबडा मणी उचलला आणि मूठ मिटली. त्यासरशी गुहा गेली, जादूगार गेला. राजा आपल्या घोड्याजवळ उभा होता, मणी मुठीत होता आणि मूठ काही केल्या उघडत नव्हती.

वैद्यांनी तेल चोळले, लोहाराने सांडशी लावून पाहिली. शेवटी सगळ्यांनी हात टेकले. राजाला आरंभी त्याचे फारसे दुःख झाले नाही. मणी कुठे जात नव्हता, आणि बोटांच्या फटींतून त्याचा उजेड मोठा छान दिसे. राणी चारुमती त्याला घास भरवी.

"लग्नात एकाच घासावर भागले होते, महाराज," ती म्हणे. "आता दोन्ही वेळा?"

मग हस्त नक्षत्र लागले. पाभरी शेतात उभ्या राहिल्या, बैल जुंपले गेले. राजाने डाव्या हाताने शाळूची मूठ चाड्यात टाकली. दाणे टणाटण उड्या मारून बाहेर आले. पुन्हा टाकली, पुन्हा आले. पाटलांनी वाकून ढेकूळ उचलले आणि बोटांनी चुरले.

"महाराज, ओल आहे तोवर पेरा होईल," ते म्हणाले. "ओल उडाली, की वर्ष गेले."

एका मण्यापायी सारे राज्य उपाशी राहणार होते.

बांधावर भारद्वाज पक्षी बसला होता. तो मनुष्यवाणीने बोलला, "राजा, ज्या हाताने घेतलेस, त्याच हाताने तीन कामे कर. एकाला पुरते मोजून दे. एकाला वाट दाखव. तिसरे काम तुला आपोआप कळेल. उत्तरेला जा."

राजा एकटाच निघाला. एका उंच डोंगराशी एक यक्षिणी मागावर धुके विणीत बसली होती.

"हा डोंगर थंडीने काकडतो आहे," ती म्हणाली. "त्याला पांघरूण विणले आहे, पण तोडायला माझ्यापाशी माप नाही. हात दे."

राजाने मिटल्या मुठीनेच मोजले. यक्षिणीने वस्त्र तोडले आणि पांघरूण घातले, तर डोंगराचे पाय उघडे राहिले. मिटल्या मुठीचा हात दर मापाला बोटांइतका आखूड भरला होता. 'एवढ्या मोठ्या डोंगराला काय कळते,' असे राजाच्या अगदी जिभेवर आले होते. पण पाय खरोखरच गारठले होते. त्याने आपला भरजरी शेला उतरवला आणि जिथे कमी पडले तिथे जोडला. डोंगर घोरू लागला. राजाची करंगळी आणि अनामिका मोकळी झाली.

पुढे दरीच्या काठी एक आंधळा राक्षस बसला होता.

"माझे घर पलीकडे आहे," तो म्हणाला. "हात धरून नेशील?"

"नेतो. हा डावा हात घे."

"डाव्यावर माझा भरवसा नाही. उजवा दे."

राक्षसाच्या पंजात मणीच काय, खांद्यापासून हातही राहिला नसता. तरी राजाने उजवा हात पुढे केला. इथे खड्डा आहे, इथे काटे आहेत, असे सांगत त्याने राक्षसाला दारापर्यंत पोहोचवले. राक्षसाच्या बायकोने दोघांना गूळपाणी दिले. राजाचे मधले बोट सुटले.

त्या घरामागेच ती गुहा होती. जादूगार राशीवर बसून होता.

"माझे चुकले," राजा म्हणाला. "तुमचा मणी परत घ्या."

"तो माझा नाही. फार वर्षांपूर्वी तुझ्याच गादीवर मी होतो. दुष्काळ पडला आणि मी कोठारांना कुलपे घातली. आत दाण्यांचे मणी झाले. तेव्हापासून मी त्यांची राखण करतो."

"मग हा मी कुठे ठेवू?"

"दाणा कुठे ठेवतात?" म्हाताऱ्याने विचारले.

राजा तसाच मागे फिरला आणि धावत सुटला. शेतात राणी आणि माणसे अजून उभी होती. माती वरून सुकत चालली होती, खाली थोडी ओल होती. राजाने मणी चाड्यावर धरला. आता तो नुसता चिमटीत होता आणि उन्हात असा काही झळकत होता, की राजाला तो सोडवेना. हे तुमच्यापासून लपवण्यात काय अर्थ? मग त्याने राणीकडे पाहिले, बैलांकडे पाहिले, आणि तर्जनी व अंगठा उघडला. मणी पाभरीच्या नळीतून काळ्या मातीत गेला आणि दिसेनासा झाला.

राजाने उजव्या हाताची मूठ भरून शाळू टाकला. एकही दाणा उडाला नाही. बैल चालू लागले. तिकडे गुहेत रत्नांच्या राशीचे धान्य झाले आणि रानातली पाखरे त्यावर तुटून पडली. म्हातारा कपडे झटकून उठला आणि कितीतरी वर्षांनी उन्हात आला.

थंडीत त्याच शेतात हुरडा पार्टी झाली. राजाने कणीस आगटीत भाजले, तळहातावर चोळले, फुंकर मारून कोंडा उडवला आणि उघडा हात राणीपुढे धरला. हिरव्या दाण्यांत एक तांबडा दाणा होता.

"हा जपून ठेवायचा का?" राणीने विचारले.

"नको," राजा म्हणाला. "गरम आहे तोवर खा."