तात्यासाहेबांनी पारखलेला नारळ

नारळ पारखण्यात दूध संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब वाघचौरे यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला त्यांनी टोपलीतले दोन नारळ कानाशी हलवून बाजूला टाकले, तिसरा पसंत केला, चित्रीकरणासाठी आणलेल्या ड्रोनपुढे फोडला आणि फर्मान सोडलं, "उडवा! माझ्या डोक्यावरच फिरवा."

ड्रोन चालवणारी वैजयंता लोखंडे म्हणाली, "दहा मिनिटं द्या. पंखे आणि मोटारी तपासते."

"आता कसली तपासणी?" तात्यासाहेब माइकवरच गरजले. "पूजा झाली! का देवावर विश्वास नाही तुमचा?"

पटांगणातल्या साऱ्या माना वैजयंताकडे वळल्या.

"माझा आहे, साहेब," वैजयंता म्हणाली. "पण तुम्ही देवापुढचा नारळसुद्धा हलवून घेतलात, आणि तो तर फोडायचाच होता. हा ड्रोन फुटून चालणार नाही. खाली डोकं तुमचं आहे."

लोकांत खसखस पिकली. तात्यासाहेबांनी घुश्शातच ड्रोन उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी खडखडलं.

त्यांनी तो अलगद खाली ठेवला. "तपासा, बाई, सावकाश तपासा. घाई कुणाला आहे?" असं म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि थेट पत्र्याच्या शेडखाली नेऊन मांडली.