पाहुणे उतरले

गंगेवर अजून एकही धरण झालं नव्हतं आणि पैलतीराला जायचं तर नावेशिवाय सोय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. गंगा म्हणजे आमची गोदावरी. तिच्या दोन्ही काठांना आम्ही गंगथडी म्हणतो. या गंगथडीत हिवरथडी नावाचं गाव आहे. गावाखाली नदी वळते. वळणाच्या अलीकडे उतार आहे आणि वळणाच्या पलीकडे डोह. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा, आणि डोहाचा तळ तर कोणी पाहिलेला नाही. परक्या माणसाला दोन्हीकडे पाणी सारखंच दिसतं. हे आताच ऐकून ठेवा, पुढे मला मध्ये थांबवू नका.

त्या काळी हिवरथडीची नाव ठकू भोईण चालवायची. नवरा तापाने गेला तेव्हा वल्हं तिने हातात घेतलं आणि ते परत कोणाच्या हाती दिलं नाही. काठावर तिची झोपडी होती. बाई बोलायची कमी, पण तिची हाक मोठी. ठकूने हाक दिली की पैलतीरावरची गाढवं कान टवकारायची, असं म्हणतात.

दरवर्षी कार्तिकात, पाणी ओसरू लागलं की उत्तरेकडून करकोचे यायचे. राखी अंगाचे, काळ्या मानेचे, कानामागे पांढरा तुरा असलेले. कुठून येतात ते कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून गाव त्यांना पाहुणे म्हणायचं. घोट्याएवढं पाणी असेल तिथेच ते उतरायचे. म्हणजे करकोचे उतारावर उभे दिसले की समजायचं, आता नाव बांधून ठेवायला हरकत नाही, पायी जाता येईल. ठकू काठावरून हाक द्यायची, "पाहुणे उतरले!" मग बायका भिजवलेले हरभरे घेऊन वाळूवर जायच्या, पोरं मागे धावायची, आणि गावाला सणासारखं वाटायचं.

मग वाईट वर्षं आली. दसरा झाला, नद्या उतरल्या की पेंढारी निघायचे. घोड्यांवर यायचे, गावं लुटायचे, गंजी पेटवायचे. पुरलेलं कुठे आहे ते सांगत नाही म्हणून घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून माणसाच्या तोंडाला बांधायचे. वरच्या अंगाची दोन-चार गावं अशी बसली की पुन्हा उठली नाहीत. आणि त्यांनाही नदी ओलांडायला उतारच लागायचा. ज्या दिवसांत करकोचे यायचे त्याच दिवसांत, त्याच वाटेने तेही येऊ लागले.

हिवरथडीला इतकी भीती बसली की त्यांचं नाव कोणी घेईना. नाव घेतलं की येतात, असं म्हणत. आपण सापाला रात्री लांबडं म्हणतो ना, तसंच. पण काहीतरी म्हणायला तर हवं. मग कोणीतरी एकदा चावडीवर दबक्या आवाजात विचारलं, पाहुण्यांची काही खबर? आणि तोच शब्द रुळला. चुलीपाशी, पाणवठ्यावर, सगळीकडे पाहुणे म्हणजे ते. लहान पोरंसुद्धा त्या शब्दाला रडू लागली.

शब्द गावाने बदलला, पण काठावरच्या ठकूला सांगायला कोणी गेलं नाही. मला अजून राग येतो या गोष्टीचा. नाव फुकट पाहिजे, खबर फुकट पाहिजे, आणि एवढं सांगायला कोणाचे पाय दुखत होते?

त्या कार्तिकात करकोचे आले, उतारावर उभे राहिले आणि ठकूने सवयीप्रमाणे हाक दिली, "पाहुणे उतरले!"

गावाने ऐकलं ते एवढंच, की घोडे उतार उतरले. चुलीवरची भाकरी चुलीवर राहिली. सगळं गाव नदीकडेच धावलं, कारण नदीमधल्या बेटावर लपायचं असं आधीच ठरलेलं होतं. ठकूच्या नावेवर माणसांवर माणसं पडली. ठकू ओरडत होती की अरे करकोचे, करकोचे आलेत. पण घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाही. नाव काठापासून जरा सरकली आणि डोहाच्या तोंडाशी उलटली. मोठी माणसं कशीबशी निघाली. पोरं निघाली नाहीत. त्यात मानाजी पाटलाचा एकुलता एक मुलगा होता.

मानाजी वयाने तरणा होता. ओल्या कपड्यांनी तो वाळूवर उभा राहिला, आणि समोर उतारावर करकोचे शांतपणे किडे टिपत होते. त्याने ठकूला सगळ्यांसमोर सांगितलं, "पुन्यांदा तुज्या तोंडून त्यो शब्द निघाला, तर जीभ उपटीन." शब्द तुम्हीच बदललात, असं ठकू म्हणाली नाही. त्या दिवसापासून तिची हाक बंद झाली. उतारू हाका मारून थकायचे, ती मुकाट्याने नाव घेऊन यायची.

वर्ष फिरलं. पुन्हा कार्तिक आला आणि नावेत बसणारी माणसं पाखरांच्या गोष्टी सांगू लागली. त्या वर्षी गंगथडीभर पाखरं दिसू नयेत तिथे दिसत होती. वरच्या गावच्या कुंभाराने करकोचे उघड्या डोंगरावर, खडकात बसलेले पाहिले होते. एका गावी चक्रवाकांची जोडी दिवसभर देवळाच्या कळसावर बसून होती. हाकलली तरी उठत नव्हती, नुसती रडल्यासारखी ओरडत होती. आणखी एका गावी डोक्यावर पट्टे असलेले रानहंस खळ्यात उतरले आणि कडब्याला चिकटून राहिले. कुत्री अंगावर गेली तरी उडाले नाहीत. बायकांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. लोक म्हणाले, यंदा देवाची कृपा आहे, पाखरं घरात येताहेत.

ठकू वल्हं मारत ऐकायची. पाण्याचं पाखरू खडकात कशाला बसेल, हे तिला उमगेना. मग एक दिवस उमगलं. ज्या ज्या गावची गोष्ट येत होती, त्या त्या गावाला उतार होता. पाखरांच्या जागी पाण्याशी दुसरं कोणीतरी बसलं होतं, आणि उतारामागून उतार करत खाली येत होतं. सांगावं कोणाला? ज्या शब्दाने सांगायचं तोच तिला बंद होता. आणि त्याच आठवड्यात तिची लेक सगुणा माहेरपणाला येऊन बाळंत झाली. नदीचा वारा नको म्हणून सुईणीने तिला गावात आपल्या घरी ठेवलं होतं. अजून पाचवीही झाली नव्हती. ती उठून बसली तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची.

एका सकाळी करकोचे आले. आभाळ भरून आले. गाव घराबाहेर आलं, बायकांनी ओंजळीत हरभरे घेतले. करकोचे उतारावर घिरट्या घालू लागले. एक घिरटी झाली, दुसरी झाली, गळे काढून ओरडत ते खाली यायचे आणि पाण्याला पाय लागायच्या आत पुन्हा वर उठायचे. पैलतीरावर झाडीशिवाय काही दिसत नव्हतं. पण झाडीतलं एकही पाखरू बोलत नव्हतं.

ठकूने नाव तशीच काठाला टाकली आणि ती चढ चढून थेट पाटलाच्या दारात गेली.

"पाटील, आल्यात, पन उतरनात," ती म्हणाली. "पल्याड मानूस बसलंय. माजी जीभ मागनं उपटा, आदी माज्या सगुनीची बाज उचला."

मानाजीला तिचं खरं वाटलं, हीच पंचाईत होती. गावाला ओरडून सांगावं तर गाव पुन्हा धावणार आणि पुन्हा पोरं पायाखाली जाणार. न सांगावं तर घोडे येणार. त्याला घोड्यांपेक्षा त्या ओरडण्याची भीती जास्त वाटत होती. तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"हाळी दिऊ नका," ठकू म्हणाली. "बाज उचला आन् बाभळीच्या बनात चला. बाजंच्या म्होरं कुनी जायाचं न्हाई, येवढंच बगा."

पाटील सुईणीच्या घरी गेला आणि त्याने बाजेचा पाय खांद्यावर घेतला. आणखी तिघे आले. पाटील भोयाच्या पोरीची बाज उचलून चाललाय, हे पाहून गाव गप्प झालं आणि न विचारता मागे निघालं. बाज सावकाश न्यावी लागत होती, बाळंतिणीला हिसका सोसवला नसता. मागच्यांच्या पायांत पळ भरला होता, पण पाटलाच्या पुढे जायचं धाडस कोणाचं होईना. म्हणून म्हातारी माणसं मागे पडली नाहीत, आणि पोरं कडेवरून सुटली नाहीत.

बाजेवरून सगुणाने विचारलं, "माजी आय कुठंय?"

"येतीया मागनं," पाटील म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण ठकू मागे नाही हे त्याला माहीत होतं.

बाभळीचं बन लांब होतं आणि बाज सावकाश चालली होती. घोडे तेवढा वेळ देणार नव्हते. ठकू उताराकडे गेली नाही. ती वळणाच्या पलीकडे गेली आणि डोहात शिरली. आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. डोहाच्या अगदी मध्यावर, जिथे बांबू टेकत नाही, तिथे ठकू गुडघाभर पाण्यात उभी राहिली. कोणी म्हणतं, खाली वाळूची एक दांडी होती आणि ती फक्त भोयांना ठाऊक होती. कोणी म्हणतं, आदल्या वर्षी बुडालेल्या पोरांनी तिचे पाय हातांवर झेलले. डोहानेच तिला उभं राहू दिलं, असं म्हणतात.

आणि मग घिरट्या घालणारे करकोचे खाली आले. एकामागून एक डोहात उतरले आणि ठकूच्या भोवती आपल्या लांब पायांवर उभे राहिले. जणू तिथे घोट्याएवढंच पाणी होतं.

पैलतीराच्या झाडीतून घोडे बाहेर पडले. त्यांनाही पाखरांवरून उतार ओळखता यायचा. बाई उभी, पाखरं उभी, म्हणजे उतार हाच. तेव्हा ठकूने वर्षभर गिळलेली हाक दिली.

"पाहुणे उतरले!"

ती हाक बनापर्यंत पोचली. बायांनी पोरांची तोंडं दाबली. सगळ्यांना पळावंसं वाटलं. याच शब्दांनी मानाजीचा मुलगा गेला होता. तो खाली बसला, बाजेचा पाय त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तो तसाच बसून राहिला. पाटील बसला म्हणून गाव बसलं.

नदीकडून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, मग पाण्यात शिरल्याचा आवाज, मग माणसांच्या किंकाळ्या. मग काहीच नाही. ते काहीच नसणं सगळ्यात वाईट होतं, असं म्हणतात. पुढचे गेले तसे मागचे परत फिरले आणि हिवरथडीच्या वाटेला पुन्हा कधी आले नाहीत. गाव उन्हं कलल्यावर काठावर आलं तेव्हा करकोचे उतारावर उभे होते. डोह सपाट होता. मानाजी पाटलाने कितीतरी दिवस स्वतः नाव घालून तो डोह बांबूने चाचपला. घोडे सापडले, माणसं सापडली. ठकू सापडली नाही.

अजूनही कार्तिकात करकोच्यांचा आवाज आला की हिवरथडीत कोणी "पाहुणे आले" असं म्हणत नाही. चुली विझवतात. गावात जी सर्वांत नवी बाळंतीण असेल तिला बाळासकट बाजेवर घालून काठावर नेतात. पहिला खांदा पाटलाच्या घरचा असतो. सगळं गाव मागून चालतं, आणि मोठ्यात मोठा माणूसही बाजेच्या पुढे जात नाही. काठावर उभं राहून वर बघत राहतात. कोणी बोलत नाही. करकोचे घिरट्या घालत असतात तोवर आजही कोणी जागचं हलत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. पहिला करकोचा पाण्यात पाय ठेवतो तेव्हा बाळंतीण म्हणते, "उतरले." मग चुली पेटतात.

एखाद्या वर्षी गावात बाळंतीण नसते. तेव्हा रिकामी बाज उचलतात. त्या वर्षी मात्र खांद्यासाठी रांग लागते. काठी टेकत चालणारी माणसंही चार पावलांपुरती पुढे येतात, बाया येतात, सासरी गेलेल्या लेकी मुद्दाम येतात. कारण ठकूला कोणी खांदा दिलेला नाही, आणि गावातल्या प्रत्येकाला तो द्यायचा असतो.