सगळ्यांत बडबडी कोण?

दूधसंघात एकमेकांना निरोप द्यायला संगणकावर चॅट होतं. आमच्या शकूची लेक केतकी तिथं कामाला. तिनं त्याच चॅटवर दुधाच्या टाक्यांनाही बोलायला शिकवलं. नवे मॅनेजर दाभाडेसाहेब येताच कडाडले, "दिवसभर नुसत्या गप्पा! चॅट बंद. सगळ्यांत बडबड्या माणसाला पुढं आणा, आजच काढतो."

केतकीनं त्यांना थेट सात नंबरच्या टाकीपाशी नेलं.

"हीच ती, साहेब. दर मिनिटाला मेसेज टाकते, 'दूध चार डिग्री.' परवा 'आठ झालं, धावा' म्हणून हिनंच दूध वाचवलं."

साहेब वाकून टाकीवरचा आकडा वाचू लागले, तशी केतकी म्हणाली,

"काढा की! हिच्या जागी दर मिनिटाला दूध तपासायला आपण बसाल ना?"

चॅट राहिलं. आता रोज सकाळी साहेबच आधी टाकीला विचारतात, "बरी आहेस ना?"

टाकी सांगते, "चार डिग्री."